लाइन आणि ओळ

इतवारीतल्या एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या गादीवर तासभर बसावे आणि एकच शब्द कानांनी टिपत राहावे. डोक्यावरचा पंखा थांबतो. मुनीम वहीतून मान वर न करता म्हणतो, ‘लाइन गेली.’ शेठ फोनवर कोणाला तरी गाठण्याच्या खटपटीत असतात; ‘लाइनच लागत नाही,’ अशी त्यांची तक्रार चाललेली असते. गिऱ्हाइकांची दाटी झाली की नोकर ओरडतो, ‘लाइनीने या, लाइनीने!’ शेजारी बसलेले गृहस्थ भाचीसाठी स्थळ शोधीत आलेले असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पोरगा कोणत्या लाइनीत आहे जी?’ पहिली लाइन विजेची, दुसरी बोलण्याची, तिसरी रांगेची, चौथी पोटापाण्याची. आणि मौज अशी की हे सारे संभाषण ज्या जागी चालले आहे तिचे नाव मात्र किराणा ओळ. पलीकडे लोहा ओळ आहे, रेशीम ओळ आहे. अर्थाने पाहिले तर या सगळ्या लाइनीच. पण त्यांना लाइन म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही.

एवढ्या लहान शब्दावर व्याख्यान काय द्यायचे, असे कोणी म्हणेल. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या गाद्या डोळ्यांपुढे येतात. परंतु या एका शब्दाचे अर्थ क्रमाने लावीत गेलो तेव्हा आमच्या असे ध्यानात आले की नागपूरच्या गेल्या दोनशे वर्षांतला एकेक प्रसंग त्यांतल्या एकेका अर्थाला चिकटलेला आहे. शब्द आला तो राज्यकर्त्यांचा अर्थ घेऊन. आज तो ज्या अर्थांनी आपल्या तोंडी आहे त्यांतले निम्मे तरी आपण त्याला दिलेले आहेत. ही अदलाबदल कशी झाली, तेवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या देठाचा वाख काढून त्याचा जो दोरा वळीत त्याला ‘लिनिआ’ म्हणत. हा दोरा ताणून धरला की सरळ रेघ दिसते. म्हणून दोऱ्याचे नाव रेघेला मिळाले आणि तेथून इंग्रजीत ‘लाइन’ आली. ‘लिनन’ हे कापड त्याच कुळातले; शिंपी कोटाला आतून लावतो ते ‘लायनिंग’ही त्याच कुळातले, कारण पूर्वी अस्तराला तेच कापड वापरीत. आमच्या विदर्भात जवस घरोघर ठाऊक आहे तो चटणीमुळे आणि तेलामुळे. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांताचा जवस रंगवार्निशाच्या तेलासाठी विलायतेला मोठ्या प्रमाणावर जाई. आपल्याकडे त्याचा दोरा काढण्याची चाल नव्हती. इतवारीभोवतीच्या कोष्टीपुऱ्यांत सूत होते ते कापसाचे आणि रेशमाचे. पण दोऱ्यावरून सरळपणाची कल्पना आपल्या लोकांनाही सुचली होतीच. व्याकरणकारांचे सूत्र म्हणजे मुळात दोरा. सुतार हा सूत्रधार. एखादा वांड मुलगा वठणीवर आला की आपण म्हणतो, ‘सुतासारखा सरळ झाला’. आणि हल्लीचे लोक म्हणतात, ‘लाइनवर आला.’ दोन्ही वाक्यांत दोराच आहे. एकीत कापसाचा, दुसरीत जवसाचा. गवंड्याने तर हा वाद कायमचा मिटवून टाकला आहे. तो भिंत चढवताना जी दोरी ताणतो तिला ‘लाइनदोरी’ म्हणतो, म्हणजे दोरीदोरीच म्हणतो, आणि त्याची भिंत सरळ येते.

‘ओळ’ हिचे कूळ निराळे. संस्कृत ‘आवलि’ हे तिचे मूळ. दीपावलीची दिवाळी झाली तीत हीच आवलि आहे; वंशावळीत तीच आहे. दिव्यांची ओळ ती दिवाळी, पूर्वजांची ओळ ती वंशावळ आणि किराणा दुकानांची ओळ ती किराणा ओळ. तेव्हा इतवारीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या बाजारांना दिलेले नाव दिवाळीचे सख्खे भावंड आहे. (इतवारीचे स्वतःचे नावही असेच घासलेले आहे. आदित्यवाराचा हिंदीत इतवार झाला, रविवारच्या बाजाराची इतवारी झाली. पुण्यात रविवार पेठ, नागपुरात इतवारी, वार एकच.)

इंग्रजीत नामांना लिंगाची कटकट नाही. मराठीत शब्द आला की त्याला लिंग द्यावेच लागते. लाइनीला आपण स्त्रीलिंग दिले. का? ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी, पंगत, तार या साऱ्या स्त्रीलिंगी. नवी पाहुणी आली ती त्यांच्याच घोळक्यात बसवली गेली. मग तिचे अनेकवचन ‘लाइनी’ झाले, सप्तमी ‘लाइनीत’ झाली. एखादा परका शब्द आपला झाला की नाही याची आमच्या मते ही सर्वांत खरी परीक्षा आहे: त्याला मराठी प्रत्यय निमूटपणे लागतो काय? ‘लाइनीत’ म्हणताना कोणालाही अडखळायला होत नाही. पण ‘सिव्हिल लाइन्स’ या नावातला तो इंग्रजी अनेकवचनाचा ‘स्’ पाहा. सिव्हिल लाइनी असे कोणी म्हणत नाही. शंभर वर्षे उलटली तरी तो ‘स्’ तसाच उभा आहे. त्याचे कारण शोधण्यासाठी मागे जावे लागेल.

तत्पूर्वी एक निराळी लाइन सांगितली पाहिजे, कारण नागपूरचे राज्य गेले ते तिच्यावरून. इंग्रजीत वंशपरंपरेलाही लाइन म्हणतात. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तकाने वंशावळ पुढे चालते. ओळीतला एक मणी गळला तर दुसरा ओवावा, माळ तुटत नाही. बांकाबाईसाहेब आणि घराण्यातल्या इतर स्त्रियांनी यशवंतराव या मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी ठेवले. डलहौसीला हे मान्य नव्हते. त्याच्या हिशेबी वंशाची लाइन म्हणजे रक्ताची लाइन, आणि ती संपली होती. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. वाड्यातल्या मालमत्तेचे लिलाव झाले. पुढे जानोजींना देऊरचे राजेबहादूर ही पदवी तेवढी मिळाली. ओळ आणि लाइन या दोन शब्दांचा अर्थ एकच असता, तर या प्रकरणाचा निकाल काय लागता? डलहौसीला राज्य घ्यायचेच होते, शब्दाचा आधार त्याने नंतर शोधला, असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही. पण आधार म्हणून सापडला तो हाच.

आता लष्कराकडे वळू. इंग्रजी फौजेची छावणी पडली की दोरी ताणून तंबू सरळ रांगांत उभारीत, घोडेही दोरीला ओळीने बांधीत. म्हणून छावणीतल्या शिपायांच्या वस्तीला ‘लाइन्स’ हे नाव पडले. मराठ्यांच्या छावणीला गोट म्हणत. साताऱ्यात पंताचा गोट, रामाचा गोट अशा वस्त्या अजून त्याची आठवण ठेवून आहेत. गोटात माणसे आपापल्या सरदाराभोवती जमत, लाइनीत ती दोरीवर उभी राहत. दोन्ही फौजांच्या स्वभावातला फरक या दोन शब्दांतही दिसतो. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली तेव्हा टेकडीच्या पश्चिमेस रेसिडेंट जेंकिन्सची कोठी होती आणि पूर्वेस भोसल्यांचे शहर. लढाईनंतर टेकडी इंग्रजांच्या हाती गेली. १८२१ मध्ये कामठीला मोठी छावणी झाली. टाकळीला घोडदळाच्या लाइनी होत्या. १८५७ च्या १३ जूनच्या रात्री उठाव करण्याचा बेत झाला तो याच टाकळीच्या घोडदळाचा. शहरातली काही मंडळी त्यात सामील होती. बेत फुटला, पुढाऱ्यांना फाशी झाली. टाकळीची लाइन मात्र नावात राहिली. आज तेथे पोलीस लाइन आहे. ‘लाइन’ म्हटल्यावर जुन्या माणसांच्या मनात जी थोडीशी धास्ती उभी राहते ती पोलिसांमुळे की त्या जुन्या आठवणीमुळे, हे सांगणे कठीण आहे.

शिपायांच्या लाइनी वेगळ्या, म्हणून मुलकी साहेबांच्या वस्तीला ‘सिव्हिल लाइन्स’ हे नाव मिळाले. हा प्रकार हिंदुस्थानातल्या पुष्कळ शहरांत झाला. नागपुरात ही वस्ती टेकडीच्या पश्चिमेस, रेसिडेन्सीच्या बाजूला वाढली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. मग बंगले, सचिवालय, क्लब आणि पुढे १९४० साली उघडलेली हायकोर्टाची भव्य इमारत, सर्व काही तिकडेच. खरे पाहता तेथे लाइन अशी एकही नाही. इतवारीत घराला घर लागून ओळ झालेली आहे. सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्याचा दुसऱ्याला शेजार म्हणून लागत नाही, मध्ये प्रशस्त आवार आणि झाडी. ज्या वस्तीत ओळ नाही तिला लाइन म्हणायचे आणि जेथे ओळच ओळ आहे तिला ‘नेटिव्ह टाउन’ म्हणायचे, असा तो कारभार. लहानपणी आम्हांला सिव्हिल लाइन ही एक रेल्वेलाइनच वाटे आणि तिच्यावरून गाडी कधी जाते हे पाहण्याची फार इच्छा होती. पुढे कळले की तेथे गाडी जात नाही, तेथे अर्ज घेऊन माणसे जातात. त्या नावातला ‘स्’ गळला नाही याचे कारण आम्हांला येथे दिसते. सामान्य माणूस तेथे राहावयास गेला नाही. जेथे आपण राहत नाही त्या जागेचे नाव आपल्या तोंडात घासून गुळगुळीत होत नाही.

याच टेकडीच्या पूर्वेकडून १८६७ मध्ये आगगाडी आली. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि सिव्हिल लाइन्स व जुने शहर यांच्यामध्ये लोखंडाची खरीखुरी लाइन पडली. नंतर १८८०-८२ च्या सुमारास नागपूर–छत्तीसगढ रेल्वे राजनांदगावपर्यंत गेली. ती मीटर मापाची होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याच्या बाजूला आणि नागभीडकडे अडीच फुटी रूळ पडले, आणि इतवारीचे स्टेशन या लहान गाड्यांचे ठाणे झाले. साडेपाच फुटांची ती मोठी लाइन, अडीच फुटांची ती छोटी लाइन. सरकारी कागदांत तिला ‘नॅरो गेज’ म्हणत. लोकांनी ते नाव कधी घेतले नाही. ‘छोटी लाइन’ या शब्दांत जो जिव्हाळा आहे तो मोठीच्या वाट्याला कधी आला नाही. धान्य, लाकूड, बाजारकरू आणि वऱ्हाडी मंडळी यांची ती गाडी होती; तिला घाई नसे आणि तिच्यातल्या उतारूंनाही नसे.

रेल्वेने मराठीला एक सुंदर शब्दप्रयोग दिला तो ‘लाइन क्लिअर’. एकेरी रुळावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणून स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला घंटीच्या खुणेने विचारतो. तिकडून होकार आला की यंत्रातून एक धातूचा गोळा सुटतो. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती देतात. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवीत नाही, सिग्नल पडलेला असो वा नसो. पुढच्या स्टेशनावर तो गोळा परत यंत्रात जातो आणि मग रूळ दुसऱ्या गाडीला मोकळा होतो. लोकांनी ही व्यवस्था फलाटावर उभे राहून पाहिली आणि तिचे मर्म बरोबर उचलले. मुलीकडच्यांचा होकार आला की ‘लाइन क्लिअर’, साहेबाची सही झाली की ‘लाइन क्लिअर’. पुढून होकार आल्याशिवाय इकडून पाऊल टाकायचे नाही हा त्यातला अर्थ जसाच्या तसा राहिला. ‘लाइन मारणे’ या प्रयोगात नेमके याच्या उलट घडते. परंतु वडीलधाऱ्यांच्या सभेत त्याचा एवढा उल्लेख पुरे.

दुसऱ्या महायुद्धात धान्यावर नियंत्रण आले, ‘कंट्रोल’ची दुकाने निघाली आणि लाइनीला एक नवाच अर्थ चिकटला. गहू, साखर, रॉकेल यांसाठी माणसे एकामागे एक उभी राहू लागली. पहाटेच पिशवी किंवा वीट ठेवून ‘नंबर लावण्याची’ कला लोकांना साधली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विलायतेतला इंग्रज अशा रांगेला लाइन म्हणत नाही, ‘क्यू’ म्हणतो. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ शेपटी. अमेरिकेत लाइन म्हणतात खरे, पण आमच्या कंट्रोलच्या दुकानापर्यंत अमेरिका आली असेल असे वाटत नाही. आमची अटकळ अशी की, राज्यकर्त्यांनी ‘क्यू’ दिला तो सुशिक्षितांपाशी राहिला. बाकीच्यांनी आपल्या ओळीचा आणि रांगेचा अर्थ उचलून आधीच घरात असलेल्या लाइनीत भरला. ‘लाइन गेली’ याचेही तेच. वीज गेली हे सांगण्यासाठी इंग्रज ही भाषा वापरणार नाही. तारा जागेवरच असतात, लाइन कोठेच गेलेली नसते. तरी आमचे वाक्य कोणाला अवघड वाटत नाही.

रांगेचा हा अर्थ आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तोपर्यंत आपल्या समाजाला एकच मोठी रांग परिचित होती, ती म्हणजे पंगत. पंगतीत आपला नंबर आपण लावीत नसतो; तो जन्माने लागलेला असतो. कोणाचे पान कोणाशेजारी मांडावे, कोणाला आत आणि कोणाला अंगणात, कोणाला मुळीच नाही, हे आधीच ठरलेले. पंक्तिभेद हा शब्द आपल्या भाषेत फुकट आलेला नाही. कंट्रोलच्या लाइनीत जो आधी आला तो पुढे, हा नियम निदान सांगायला तरी होता. शेठजींनी नोकराला उभे केले, ओळखीच्या माणसाला मागच्या दाराने साखर मिळाली, हेही खरे. लाइन म्हटली की ती मोडणाराही आलाच. परंतु ‘अहो, मी आधी आलो आहे’ हे वाक्य एखाद्या मजुराने एखाद्या प्रतिष्ठिताला भर बाजारात ऐकवावे आणि बाकीच्यांनी त्याची बाजू घ्यावी, हे पंगतीच्या काळात शक्य नव्हते. किराणा ओळीत दुकाने ओळीने होती; माणसे ओळीने उभी राहण्याची पाळी नंतर आली.

राहिली नकाशावरची लाइन. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे देशाची मोजणी सुरू केली. शंभर फुटी पोलादी साखळीने पायारेषा मोजायची आणि पुढे कोनमापकाने त्रिकोणामागून त्रिकोण बांधीत जायचे, असे ते काम. हैदराबादेहून नागपुराकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याची अर्धी राहिलेली लाइन पुढे हिमालयापर्यंत नेली ती एव्हरेस्टने. ज्याचे नाव शिखराला मिळाले तो सर्वांना माहीत आहे. ज्याने निम्मी वाट चालून आपल्या हिंगणघाटला देह ठेवला त्याचे नाव हिंगणघाटातही थोड्यांनाच ठाऊक असावे. असो. मोजणीची रेघ ही कागदावर निरुपद्रवी असते. पण एकदा नकाशा तयार झाला की त्यावर दुसऱ्या रेघा मारणे सोपे जाते.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. ते झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. नागपूरची राजधानी गेली. हे सारे वारंवार बोलले जाते. त्याच दिवशी पडलेली दुसरी एक रेघ फारशी बोलली जात नाही. सौंसर, पांढुर्णा ही मराठी बोलणारी गावे मध्य प्रदेशात राहिली. भाषेवरून राज्ये पाडायची ठरले तरी भाषा ही लाइनीसारखी ताणता येत नाही. ती तेलाच्या डागासारखी पसरते, कडेला विरळ होत जाते. सावनेरच्या पुढे मराठी कोठे संपते आणि हिंदी कोठे लागते हे रस्त्यावरची पाटी सांगते, माणसे सांगू शकत नाहीत. सौंसरचे लोक बाजाराला नागपूर जवळ करतात, लेकीसुना इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातात. मुलांची शाळेची भाषा मात्र रेघेने ठरवली.

या रेघेला आडवी जाणारी एक लाइन होती. इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी सावनेर, सौंसर, रामाकोना करीत अर्धशतकाहून अधिक काळ ती हद्द ओलांडीत राहिली; हद्दीवर तिने कधी शिट्टी दिली नसेल. रुंदीकरणासाठी २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली. आता त्या वाटेने मोठी गाडी जाते. नागभीडची छोटी लाइन २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली. मोतीबागेत रेल्वेचे संग्रहालय आहे, तेथे छोट्या लाइनीची इंजिने रंग देऊन उभी केली आहेत; मुले त्यांवर चढून पाहतात. इतवारी स्टेशनाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. रिक्षावाल्याला ते नाव पूर्ण सांगण्याइतका दम आम्हांला नसतो, आणि ‘इतवारी स्टेशन’ एवढ्यावर तो रिक्षा वळवतो.